दोन बिड्यांची फिल्म

१

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी फकीर मोहम्मद यांचा शेवटचा रोल मेल्याचं उघडकीस आलं. डबीतून ओली पट्टी निघाली, हर्षलने ती दोन्ही हातांनी उजेडात धरली आणि पट्टीतून आम्हाला समोरची रसवंती स्वच्छ दिसली. माणूस नाही, भिंत नाही, आभाळ नाही. धुतलेल्या काचेसारखी कोरी.

स्टुलावर बसलेल्या चांदबींनी विचारलं, "मंग फोटू कधी दिसतीन?"

उत्तर द्यायला चार पुरुष होते आणि चौघंही पट्टीकडे बघत होते. हर्षल शेजारच्या बीबी गावचा. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो आणि उरलेल्या वेळात जुन्या कॅमेऱ्यांवर प्रेम करतो. धुलाई त्याच्या हातची. दुसरा कलीम, चांदबींचा मुलगा, मोबाईल दुरुस्तीवाला. तिसरे शेजारचे फ्लेक्सवाले ज्ञानेश्वर. चौथा मी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणजे हजेरी घेतो.

आता या पट्टीची एवढी वाट का पाहिली जात होती ते सांगतो. लोणारात सरोवराकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर ओळीने आठ टपरीवजा दुकानं आहेत. सुशोभीकरण समिती ती पाडून पक्के गाळे देणार आहे. गाळे सात. आठ दुकानांना सात गाळे कसे, हे समितीला कोणी विचारलं नाही, कारण समितीला काही विचारायचं असेल तर अर्ज करावा लागतो. अट एकच. दुकान १ जानेवारी २०००च्या आधीपासून त्याच जागेवर हवं.

सात जणांनी प्रतिज्ञापत्रं करून दिली. सगळी एकाच टायपिस्टची, सगळ्यांत 'सन १९९६ पासून अखंडपणे' हे शब्द, आणि सातही जण एकमेकांचे साक्षीदार. १९९६ साली कलीम चार वर्षांचा होता आणि त्याच्या प्रतिज्ञापत्राप्रमाणे मोबाईल दुरुस्त करत होता. समितीने हरकत घेतली नाही.

खरं जुनं दुकान एकच, फकीर मोहम्मद यांचा फोटो स्टुडिओ, १९९३चा. ते जाऊन सहा वर्षं झाली. चांदबी तिथे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स काढतात आणि त्यावर त्यांची चूल पेटते. त्यांच्या परवान्याचा कागद वाळवीने खाल्ला होता आणि साक्षीला शेजारी मिळत नव्हता. गाळे सात आहेत हे शेजाऱ्यांनाही मोजता येतं. मग महिन्यापूर्वी ट्रंकेच्या तळाशी हा न धुतलेला रोल सापडला. वरच्या कागदावर नवऱ्याचं अक्षर: 'दुकान, ९८'. समितीने मोठ्या मनाने कळवलं की फोटो चालेल, मात्र मूळ निगेटिव्हसह, गुरुवारच्या सुनावणीत.

हर्षल पट्टीची कड डोळ्याजवळ नेऊन म्हणाला, "कंपनीचं नाव आणि नंबर कडेला असतात. फोटो काढलेलाच नसला तरी धुतल्यावर ते उमटतात. इथे तेसुद्धा नाहीत. याचा अर्थ डेव्हलपरनेच काम केलं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, मी केलं होतं.

२

माणसाच्या सचोटीवर शंका घेतली तर तो दुर्लक्ष करू शकतो. विषयाच्या ज्ञानावर घेतली तर झोप लागत नाही. संध्याकाळी उरलेल्या डेव्हलपरची बाटली घेऊन मी शालूबाईंकडे गेलो.

शालूबाई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्मा धूत होत्या. तालुक्यातली माणसं त्या चेहऱ्याने ओळखत नाहीत, हाडांनी ओळखतात.

"या सर. डावं मनगट बरं हाय ना?"

मी २००९ साली स्कूटरवरून पडलो होतो. मनगट बरं असल्याचं सांगून मी सगळी हकीकत सांगितली. त्या उठल्या, कपाटातून एक्स-रेच्या जुन्या कोऱ्या फिल्मचा तुकडा काढला, थोडा वेळ दिव्याखाली धरला, स्टीलच्या वाटीत टाकला आणि वर माझं डेव्हलपर ओतलं. दोन मिनिटांत तुकडा तव्यासारखा काळा झाला.

"दवा जित्ती हाय," त्या म्हणाल्या.

मला इतकं बरं वाटलं की चांदबींचं काय होणार हा प्रश्न मला पाच मिनिटं पडलाच नाही.

"आता सांगा, दवा कोणती अन् मिनिटं किती, हे कोनं ठरवलं?"

ते शनिवारी ठरलं होतं, स्टुडिओत, चहावर. रोलच्या कागदावर नेहमीच्या फिल्मचं नाव होतं. हर्षलच्या मोबाईलमधला तक्ता सांगत होता, वीस अंश तापमानाला नऊ मिनिटं. लोणारच्या नळाचं पाणी एप्रिलमध्ये चौतीस अंशांवर येतं, तेव्हा बर्फ आला. अठ्ठावीस वर्षं जुनी फिल्म, तेव्हा वेळ वाढवायची, असं हर्षल म्हणाला. वाढवली तर काळपट येईल, असं मी म्हणालो. मग चांदबींनी नवऱ्याची वही काढून दिली.

फकीर मोहम्मद स्वतःचं डेव्हलपर स्वतः करत. सोड्याच्या जागी त्या काळी सरोवराच्या काठची पापडी, खारी माती, गाळून वापरत. वहीत रोज वापरायच्या फिल्मांची माहिती होती. 'शादी के रोल, गाढी दवा, घड़ी से नऊ.' 'पासपोर्ट, घड़ी से सात.' आणि एका पानावर एकच ओळ: 'बारीक फिल्म, पतली दवा, दो बिडी.'

कलीम हसला होता. "अब्बा बिडीशिवाय काही मोजतच नव्हते."

ज्ञानेश्वर म्हणाले होते, "फकीरभाईची गंमत हो."

आम्ही गंमत सोडून दिली. पातळ दवा तेवढी घेतली आणि अकरा मिनिटं ठरवली. मग अंधारावर वाद झाला. हर्षलला पूर्ण अंधार हवा होता; दाराखालच्या फटीत चादर, घड्याळावर रुमाल. त्यातच पाऊण तास गेला.

शालूबाईंनी वाटीतला काळा तुकडा बाहेर काढला.

"घड्याळ, घड्याळ, अन् एकाच फिल्मले बिडी," त्या म्हणाल्या. "सर, उद्या मले त्या खोलीत न्या. अन् येताना एक बंडल घ्या."

३

सोमवारी शालूबाईंनी चांदबींचं स्टूल मागून घेतलं आणि एकेकाला बोलावलं. दवाखान्यातली सवय. नाव, वय, कुठे दुखतं.

हर्षल आधी आला. त्याला अपराधी वाटत होतं, त्यामुळे तो इंग्रजीत बोलत होता. शालूबाईंनी त्याला मराठीत आणलं.

"रोल तुह्या हातात कधी आला?"

"रविवारीच. मी फोनवर सांगितलं होतं, जुनी फिल्म आहे, धुवेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. आठ दिवस यांच्या घरच्या फ्रिजमध्ये होता."

"अंधारात उघडला तं काय लागलं हाताले?"

तो विचार करू लागला. "कागदाला फिल्म टेपने चिकटवलेली असते. ती निघता निघेना. फार चिकट होती."

"कागद कुठं हाय?"

चांदबी काही फेकत नाहीत. कागद खिळ्याला अडकवलेला होता. शालूबाईंनी तो मांडीवर घेतला आणि पुढचा माणूस बोलावला.

कलीम दारातच उभा राहिला. "मावशी, तुमी पोलीस हाय का?"

"पोलीस असती तं तुले उभंच ठेवलं असतं. बस."

"माह्या बापाची फिल्म होती. मले दुःख नाही का? अठ्ठावीस वर्षं टिनाखाली ट्रंकेत तापली. गरमीनं जळाली ती, दुसरं काय?"

"गरमीनं फिल्म काळवंडते बाबू. कोरी नाही होत."

"मले काय समजते त्याच्यातलं."

"फ्रिजमधी कुठं ठेवली होती?"

"दुधाच्या पिशवीमांगं."

"कोनं हात लावला?"

"कोनंच नाही. अम्मीची नजर होती नं दिवसभर."

"अम्मी दिवसभर इथं दुकानात राह्यते बे," शालूबाई म्हणाल्या, आणि त्याला जायला सांगितलं.

ज्ञानेश्वर चहा घेऊनच आले. आमच्या रस्त्यावर चौकशी, भांडण आणि मयत या तिन्ही ठिकाणी चहा तेच आणतात.

"शालूबाई, रिटायर झाल्यावर माणूस हिवरा आश्रमाले जाते, प्रवचन ऐकते. तुमी काय करून राह्यल्या हे?"

"तिथं बोलू देत नाहीत. ज्ञानेश्वर, फ्लेक्सच्या आधी काय करत होता तू?"

"मेहकरले होतो, प्रेसमधी. कॅमेऱ्यावर. पत्रिका, पावत्या, हॅन्डबिलं, छापायच्या आधी सगळ्याइची फिल्म काढा लागे. अठ्ठ्याण्णवले तं मालकानं नवा मोठा कॅमेरा..." आणि ते थांबले. 'सन १९९६ पासून अखंडपणे' लोणारात दुकान चालवणारा माणूस अठ्ठ्याण्णव साली मेहकरला सापडला होता.

आमच्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. ते कागदावर येऊ नये एवढीच काळजी घ्यायची असते.

"चहा चांगला हाय," शालूबाई म्हणाल्या. ज्ञानेश्वर गेले तेव्हा रिकामे कप न्यायला विसरले.

४

"दार लावा," त्या मला म्हणाल्या. "चादर लावा. आता बिडी पेटवा."

मी बिडी पीत नाही. ती पेटवण्यात तीन काड्या आणि थोडा सन्मान गेला. काडी विझल्यावर अंधारात फक्त बिडीचं टोक उरलं.

"रंग कोणता?"

"लाल."

"माह्या डोक्यावर तीस वर्षं असाच दिवा होता. काही फिल्मांले लाल दिसतच नाही, सर. त्याइच्यासमोर लाल दिवा लावा नाहीतं बिडी ओढा, त्याइच्यासाठी तो अंधारच. लग्नाच्या रोलले सगळं दिसते, म्हणून तिथं चमकत्या काट्याचं घड्याळ, तेबी झाकून. अन् या एका फिल्मले बिडी. फकीरभाईनं गंमत नाही लिहिली. लाल उजेडात बसायचं, पट्टी डोळ्यानं पाहत दवेत फिरवायची, दोन बिड्या संपल्या का काढायची."

"पण कागदावर तर साध्या फिल्मचं नाव होतं."

"कागद जुना, माल दुसरा. फिल्म महाग होती तवा. लांब पट्टी कापायची, जुन्या रोलच्या कागदाले चिकटवायची. लाल न दिसणारी फिल्म आपल्याकडं दोनच ठिकाणी. दवाखान्यात नाहीतं प्रेसमधी."

त्यांनी कोऱ्या पट्टीचं टोक जिभेने ओलं केलं आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलं. "एक्स-रेच्या फिल्मले दोन्ही अंगानं थर असते. ही एकाच बाजूनं चिकटते. प्रेसची. अन् प्रेसच्या फिल्मले कडेले ना नाव ना नंबर. तुमच्या हर्षलनं तिथंच गोता खाल्ला. अक्षरं नाहीत म्हणून दवा मेली म्हणे. अक्षरं कधी नव्हतीच."

माझं निर्दोषत्व दुसऱ्यांदा सिद्ध झालं. पण आता ते पुरेसं वाटेना. "म्हणजे फकीर मोहम्मदनी या रोलवर फोटो काढलेच नव्हते?"

शालूबाईंनी दार उघडलं आणि खिळ्यावरून काढलेला तो कागद माझ्यासमोर धरला. कागद तंबाखूच्या पानासारखा तपकिरी झाला होता. त्याच्या टोकाला फिल्म धरून ठेवणारी सेलोटेप होती. पारदर्शक, चकचकीत, बोटाला अजून चिकटणारी.

"अठ्ठ्याण्णवची टेप अशी राह्यते का? पिवळी होते, वाळून गळते. ही या महिन्यातली हाय. रोल कोणीतरी उघडला, खरी पट्टी काढली, तशीच कोरी पट्टी लावली, अन् होता तसा गुंडाळला. आज प्रेसची फिल्म कोणाकडं असंल?"

मी रिकाम्या कपांकडे पाहिलं.

"पाऊण तास तुमी अंधारावर भांडले," त्या म्हणाल्या. "ज्या माणसानं उभी जवानी लाल दिव्याखाली ही फिल्म कापली, तो तिथंच बसून चहा पेत होता. 'दोन बिडी' वाचल्याबरोबर त्याच्या ध्यानात यायले पाह्यजे होतं. त्यानं एक शब्द काऊन नाही काढला?"

मग हळू आवाजात, कारण चांदबी बाहेर झेरॉक्स काढत होत्या: "अन् फ्रिज तं त्याच्या घरी नाही."

५

ज्ञानेश्वरांच्या दुकानात कोण्या भावी आमदाराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापून निघत होता. दाढीपर्यंत आला होता.

शालूबाईंनी त्यांच्यासमोर कागद आणि टेप ठेवली. आणखी काही ठेवावं लागलं नाही. ज्ञानेश्वरांनी मशीन थांबवलं. रहस्यकथांमध्ये गुन्हेगार या ठिकाणी पळतात. ज्ञानेश्वर खुर्ची पुसून म्हणाले, "बसा."

टेबलाच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी पाकीट काढलं. त्यात निगेटिव्हची पट्टी होती, धुतलेली, सुकवलेली, बटर पेपरमध्ये ठेवलेली.

"फेकाले गेल्तो दोनदा," ते म्हणाले. "नाही फेकवली. धुवायले बसलो तं हात आपोआप चालले. फिल्म माहीच होती, शालूबाई. कातरणं नेत होते फकीरभाई मेहकरहून. म्हणे, एवढ्या बारीक दाण्याची फिल्म कुठं भेटते?"

"दोन बिड्या लागल्या?"

"बिडी सोडली मी. मोबाईलवर टायमर लावला."

आठ चौकटींपैकी सात हलल्या होत्या. ही फिल्म इतकी मंद की भर उन्हातही कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ समोरचं जग स्थिर राहत नाही. आठवी चौकट मात्र स्वच्छ होती. मी ती ट्यूबलाईटसमोर धरली. डावीकडे भिंत, तिच्यावर कुस्त्यांच्या दंगलीची जाहिरात, तारीख आणि १९९८ साल. मध्ये स्टुडिओ, पाटी, दारात बाई. आणि उजवीकडे, चौकटीच्या कडेपर्यंत, रिकामं मैदान. गवत, एक बाभूळ, दोन शेळ्या.

"पाह्यलं?" ज्ञानेश्वर म्हणाले. "भाभीच्या एका दुकानाचा पुरावा नाही हा. बाकीच्या सात दुकानांचा पंचनामा हाय. साहेबांनी हा पाह्यला का सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं गेली. खोटी शपथ म्हणून केस वेगळी."

"मग भाभीनं जायचं?"

"सात घरं का एक घर, शालूबाई? अन् भाभीले पोरगा हाय सांभाळाले."

"त्याच पोरानं आणून देल्ली ना?"

ज्ञानेश्वर भावी आमदारांच्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "मी मागाले नाही गेलो. तोच आला. म्हणे, काका, एकदा पाहून घ्या काय हाय ते."

६

चांदबींना सांगायचं कोणी, यावर मंगळवार गेला. बुधवारी सकाळी शालूबाईंनी ज्ञानेश्वरांकडून आणलेलं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

आपण निगेटिव्ह बघतो तेव्हा भुतं दिसतात. चांदबी ती पेपरसारखी वाचतात. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं, मनातल्या मनात उलटवून. खिडकीशी जाऊन त्यांनी आठवी चौकट उजेडात धरली.

"ओढणी लाल होती माही," त्या म्हणाल्या. "शादीतली. पाहा, काळी येईन छापल्यावर. हे म्हणत, या फिल्मले लाल नाही दिसत. मी म्हटलं, मंग घरी जाऊन बदलून येते. म्हणे, राहू दे, मले दिसते ना."

शालूबाईंनी सगळं सांगितलं. टेप, फ्रिज, ज्ञानेश्वर. चांदबींनी कलीमचं नाव पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, फक्त हाक मारली. तो दोन दुकानं पलीकडून आला, पट्टी पाहिली आणि दाराला टेकला.

"अम्मी, मेरा भी जाएगा. मेरे बच्चे हैं. और सातों घर हमारे पीछे पड़ेंगे, मालूम है ना?"

"मालूम है."

"तुमको मैं रखता ना. मेरे गाले में कुर्सी डालके बैठना आराम से."

"कुर्सी डालके," चांदबी म्हणाल्या. मग पट्टी त्याच्यासमोर धरली. "ये देख. ये कौन है?"

उजवीकडच्या मैदानात बाभळीखाली एक ठिपका होता. आम्ही तो तिसरी शेळी समजलो होतो. तो सहा वर्षांचा कलीम होता, सायकलचं टायर घेऊन. आज जिथे त्याचं दुकान आहे, साधारण तिथेच.

"तेरे अब्बा चिल्लाए, हिल मत," चांदबी म्हणाल्या. "तू नहीं हिला. कितना देर खड़ा रहा."

कलीम गेला. त्याने माफी मागितली नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं. मागितली असती तर ती देण्याचंही काम चांदबींवरच पडलं असतं.

मी म्हणालो, "चांदबी, उद्या हा फोटो ठेवा. तुमचा गाळा पक्का. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

"बाकीचे कोण, सर? रोज त्याइच्यातच बसतो."

त्यांनी पासपोर्ट फोटो कापायची कात्री घेतली. तीस वर्षं त्यांनी लोकांचे चेहरे चौकटीत बसवले होते. कुठून कापायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. स्टुडिओच्या उजव्या खांबालगत, उभा, सरळ काप. डाव्या तुकड्यात भिंत, तारीख, दुकान आणि त्या. उजव्यात गवत, शेळ्या, बाभूळ आणि पोरगा.

"माहं दुकान दिसलं म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "कोणाचं नाही, हे काऊन दाखवू मी?"

शालूबाई म्हणाल्या, "चांदबी, तुमी त्याइले वाचवून राह्यल्या. थे तुमाले वाचवतीन का?"

"नाही वाचवलं तरी बोलणार तं नाहीत ना विरोधात. एवढी तं शरम असते माणसाले."

उजवा तुकडा त्यांनी बटर पेपरमध्ये ठेवून मला दिला. "सर, हे तुमच्याजवळ ठेवा. माह्या घरात कलीम हाय."

७

गुरुवारी सुनावणीला समितीचे साहेब वेळेवर आले, हा एकच धक्का त्या दिवशी अनपेक्षित होता.

सात प्रतिज्ञापत्रं बारा मिनिटांत मंजूर झाली. साहेबांनी कलीमला त्याचं वय विचारलं, त्याने चौतीस सांगितलं, साहेबांनी मान डोलावली. वजाबाकी हा सुनावणीचा भाग नसतो.

मग चांदबी उठल्या. आदल्या रात्री हर्षलने छापलेला फोटो आणि मूळ निगेटिव्ह त्यांनी टेबलावर ठेवलं. फोटो सुंदर आला होता. ओढणी काळी, दार पांढरं, तारीख वाचता येण्याजोगी. साहेबांनी भिंग मागवलं, तारीख वाचली, आणि मला वाटलं, झालं.

"हे निगेटिव्ह अरुंद का?" साहेब म्हणाले. "चौकोनी असतात ना ही?"

साहेबांनी भिंग कडेवर नेलं.

"कापलंय का हे? इथे कोणाला कळतं यातलं?" साहेबांची नजर ओळीवरून फिरली. "तुम्ही. तुम्ही छपाईवाले ना? इकडे या. बघा."

ज्ञानेश्वर उठले. पाच जण खाली बघत होते. कलीम पंख्याकडे बघत होता. ज्ञानेश्वरांनी निगेटिव्ह अगदी सराईतपणे कडेने धरलं, बोटाचा ठसा उमटू न देता, आणि खिडकीकडे केलं. त्यांनी एवढं म्हटलं तरी पुरे होतं की फिल्मची पट्टी हाताने कापलेली असते, अशी येऊ शकते. ते खोटंही ठरलं नसतं.

"हाव साहेब," ते म्हणाले. "कापेल हाय. काप ताजा हाय."

"उरलेला भाग कुठे आहे, बाई?"

चांदबींनी सातही जणांकडे एकदा पाहिलं, ओळीने, दुकानं आहेत त्याच क्रमाने. मग मागे वळून माझ्याकडे. मान 'नको' अशी हलली. इतकी थोडी की शालूबाई आजही म्हणतात, हललीच नव्हती.

"फेकला, साहेब."

"काय होतं त्यात?"

"माहा पोरगा होता. खेळत होता."

"मग फेकला कशाला?" कोणीतरी हसलं. साहेबही हसले, पण लगेच सावरून लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. अर्जदाराने सादर केलेल्या पुराव्यात छेडछाड आढळल्याने तो विचारात घेता येत नाही. अर्ज क्रमांक आठ, अपात्र.

शालूबाईंचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. दुसऱ्यांदा बसलं, तेव्हा मी उभा राहिलो. तुकडा शर्टाच्या खिशात होता. नेऊन टेबलावर ठेवायचा, डाव्याला उजवा जोडायचा, एवढंच काम होतं. चांदबी समोरच उभ्या होत्या. ओळीत सात जण होते. त्यांपैकी तिघांची मुलं माझ्या वर्गात आहेत, आणि गावात मला अजून बारा वर्षं नोकरी करायची आहे.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"कॉलेजात प्राध्यापक आहे. रसायनशास्त्र."

"काही सांगायचंय?"

पंखा फिरत होता. कलीम आता माझ्या खिशाकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

साहेबांनी पेन पुन्हा उचललं आणि शेवटची ओळ लिहिली. उपस्थितांपैकी कोणाचीही हरकत नाही.